पोरी शाळेतून गळतात त्यामागचा इतिहास

गावातली मुलगी सातवी-आठवीला शाळा सोडते तेव्हा लोक लगेच म्हणतात, आईबापालाच शिक्षणाची किंमत नाही. मला हे अर्धंच खरं वाटतं.

१८४८ मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंनी भिडेवाड्यात शाळा काढली ती पुण्यात, खेड्यापर्यंत शाळा पोचायला पुढे कितीतरी वर्षं गेली. १८८२ ला इंग्रज सरकारनं शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर कमिशनसमोर जोतीराव बोलले की पैसा शेतकऱ्याचा आणि शिकतात मात्र वरच्या जातीची पोरं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ ला प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, ते फार मोठं काम होतं, पण फी नसली तरी घरातली कामं मुलीच्याच अंगावर राहिली.

हे खरं ओळखलं लहान मुलांच्या शिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी. अनुताई स्वतः बालविधवा. १९४५ ला आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीत त्यांचं काम सुरू झालं, १९५७ ला जवळच्या कोसबाडला गेलं, वारली आदिवासींच्या पाड्यांवर. तिथं आठ-नऊ वर्षांची पोर शाळेत येणार कशी, कडेवर धाकटा भाऊ आणि समोर गुरं! मग त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली, म्हणजे धाकट्याला तिथंच ठेवून ताई वर्गात बसेल, आणि जी पोरं गुरांमागं जायची त्यांच्यासाठी शिक्षकच कुरणात जायचे, तीच कुरणशाळा. आईबापांना भाषण देण्यापेक्षा अडचणच दूर केली, मला यातलं सगळ्यात मोठं शहाणपण हेच वाटतं.

नंतर प्रश्न आला अंतराचा. चौथीपर्यंत शाळा गावात, हायस्कूल चार-पाच किलोमीटर लांब, आणि वयात आलेली पोरगी एकटी गेली की गाव काय म्हणेल ही भीती. एसटीचा मोफत पास, मग सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून मुलींसाठी आलेल्या निळ्या बस, यामुळे बऱ्याच जणी दहावी-बारावीपर्यंत गेल्या. गाडी वेळेवर आली नाही की मात्र शाळा बुडतेच.

बीडकडं ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचं तर अजून वेगळं. उचल, म्हणजे कामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, मिळते ती कोयत्यावर, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, त्यामुळं पोराचं लग्न लवकर उरकलं की घरात एक कोयता वाढतो. सहा-सहा महिने कारखान्यावर जाणाऱ्या आईबापांना तरण्या पोरीला गावात एकटं ठेवायची धास्ती वाटते, म्हणून एकतर ती कोपीवर, म्हणजे तोडीच्या ठिकाणच्या झोपडीत, सोबत जाते नाहीतर तिचं लग्न लावून देतात. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के बायकांचं लग्न १८ च्या आत झालेलं दिसतं. आईबाप तोडीला गेल्यावर पोरांना गावातच राहता यावं म्हणून हंगामी वसतिगृहं आहेत, पण तरण्या पोरीला रात्री तिथं ठेवायचं तर आईबापाला आधी हे कळायला पाहिजे की राखायला बाई कोण आहे आणि दाराला कडी आहे का.