बिबडे, भिशी आणि बचत गट: खान्देशातल्या बायकांच्या धंद्यामागची गोष्ट

बचत गट आले आणि बायका धंदा करायला लागल्या, असं सर्रास बोललं जातं. मला ते काही पटत नाही. आमच्या जळगावकडे धंदा आधीपासून होताच, फक्त त्याला दर लावलेला नव्हता.

उन्हाळ्यातले बिबडे घ्या, म्हणजे वाळवणाचे ज्वारीचे पापड. भिजवून दळलेल्या ज्वारीचा घाटा पहाटेच चुलीवर चढतो, त्यात लसूण, तीळ, तिखट, एक बाई चाटूने ढवळतेय, दुसरी ओल्या कापडावर गोल थापतेय, तिसरी पोरांना कावळे हाकलायला बसवतेय. आज तुझ्या गच्चीवर, उद्या माझ्या गच्चीवर, कुणी कुणाला पैसे देत नव्हतं पण हिशोब सगळ्यांच्या डोक्यात पक्का, जी तीन दिवस आली नाही तिच्याकडे कुणी जायचं नाही. त्याच बायका महिन्याची भिशी पण चालवायच्या, चिठ्ठी निघेल तिला रक्कम. हे दोन्ही बघितल्यावर गटाची मीटिंग आणि वही आमच्या बायकांना का जड गेली नाही ते कळतं.

पैसा हातात आला तो मात्र वाईट दिवसांत. १९७२ च्या दुष्काळात मदत म्हणून मिळालेली सुकडी खाऊन बायकांनी रस्त्याच्या आणि पाझर तलावांच्या कामांवर खडी फोडली, माती वाहिली. पुढे १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. माझी आजी सांगायची की मस्टरवर, म्हणजे कामाच्या हजेरीपटावर, स्वतःचं नाव आणि त्यापुढे अंगठा, हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदा तिथंच झालं. त्याआधी शेतातली मजुरी आजोबांच्या हातात पडायची.

मग गिरण्यांचं आलं. जळगाव, अमळनेर, धुळे, चाळीसगाव, चारी ठिकाणी कापसाच्या गिरण्या होत्या आणि एकेक करून त्यांचे भोंगे थांबले. आमच्या नात्यातल्या एका मावशीचे यजमान गिरणीत होते, पगार थांबला तसे सहा महिने त्यांनी उधारीवर काढले आणि मग मावशीने लोकांचे उडदाचे पापड लाटून द्यायला सुरुवात केली, डाळ त्यांची, लाटणं हिचं, पैसे किलोवर. "पैसा कसा मांगू व माय, शेजारचीच तर आहे ती," असं म्हणत पहिल्या दोन महिन्यांचे तिने घेतलेच नाहीत! शेजारणीकडे पैसे मागता येणं हेच तिचं पहिलं भांडवल, असं मी म्हणेन.

मांडे करणाऱ्यांचं तसंच. उलट्या खापरावर भाजायची ती पुरणाची पोळी, हातावर झुलवत कोपरापर्यंत मोठी करायची, फाटली की पुरण सगळं विस्तवात. ज्याला जमतं त्यालाच जमतं, म्हणून आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आणि लग्नाला अशा बायकांना बोलावणं यायचं आणि बदल्यात धान्य, लुगडं. नगावर दर ठरायला लागला तो नंतर.

सरकारी बाजू थोडक्यात सांगतो. माविम, म्हणजे राज्याचं महिला आर्थिक विकास महामंडळ, १९७५ चं, नाबार्ड या ग्रामीण विकासाच्या बँकेने गटांना बँकेशी जोडायचा प्रयोग १९९२ मध्ये ५०० गटांपासून सुरू केला, राज्यात 'उमेद', म्हणजे ग्रामीण जीवनोन्नती अभियान, आलं २०११ मध्ये. दहा ते वीस बायका, ठरलेली बचत, आपसात कर्ज, व्याज बहुतेक शेकडा दोन रुपये महिना. सावकारापेक्षा बरं, आणि व्याज गटातच राहतं. याचं मोल मोठंच आहे, नाकारत नाही.

पण धंदा वाढवायला निघालं की गाडी अडते, कारण मोठ्या कर्जाला तारण लागतं आणि सातबारा घरच्या पुरुषाच्या नावावर. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क दिला, पण आमच्याकडे आखाजीला माहेरी आलेली बहीणच साडी घेऊन हक्कसोडीवर सही करून जाते, वर भाऊ चांगला आहे हो म्हणते. केंद्राच्या २०१५ च्या मुद्रा योजनेतल्या छोट्या धंद्याच्या कर्जाला तारण नको, तरी माझी बहीण चक्कीसाठी एका बँकेत गेली तर साहेबांचा पहिला प्रश्न, "मालक कुठे आहेत?" अशा वेळी मायक्रोफायनान्सवाले, म्हणजे गटाला छोटी कर्जं देणाऱ्या कंपन्यांची माणसं, दारात येऊन पैसे देतात, पण हप्ता चुकला की गटातल्या बाकीच्या बायकांच्या माथी, त्यापायी मैत्रिणींची तोंडं बंद झालेली मी पाहिलीयेत.

नंदुरबारला तर मिरचीचा बाजार एवढा मोठा, पथारीवर लाल गालिचाच, आणि देठं खुडणाऱ्या बायका मजुरीवरच. तीच मिरची कांडून पाकिटात घातली तर भाव वेगळा मिळतो, पण त्यासाठी आधी माल उचलायला रोकड पाहिजे आणि घोडं तिथंच अडतं.

२०२० चा लॉकडाऊन बरोबर वाळवणाच्या आणि लग्नाच्या सीझनमध्ये आला. मांड्यांच्या ऑर्डरी गेल्या, काही गट मास्क शिवायला बसले, बहिणीने मात्र गच्चीवरच्या बिबड्यांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकले आणि सुरतेत, पुण्यात राहणाऱ्या आपल्याच लोकांनी विचारायला सुरुवात केली. गाड्या सुरू झाल्यावर माल गेला. आता ती आधी अर्धे पैसे घेते, मगच ज्वारी भिजत घालते. मावशीने पण मागवले होते दोन किलो, तिच्याकडूनसुद्धा घेतले.