गेटवरचं ध्येय, वहीतलं ध्येय

रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी काही वर्षं काम केलं. गेटमधून आत गेलं की समोरच हिरवा बोर्ड: 'अपघाताविना दिवस', आणि पुढे खडूने रोज बदलला जाणारा आकडा. आत प्रेस खात्यात सुपरवायझरच्या हातात मात्र वही असायची, शिफ्टला किती नग निघाले याची.

आमच्या पॉवर प्रेसला, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या यंत्राला, दोन बटणं होती. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली यायचा नाही, म्हणजे दोन्ही हात डायच्या, म्हणजे साच्याच्या, बाहेरच राहायचे. महिनाअखेर आली की एका बटणात लाकडाची काडी खोचलेली दिसायची. एका हाताने बटण, दुसऱ्याने पत्रा सरकवायचा. काडी खोच असं कुणी कधी सांगितलं नाही. पण शिफ्ट सुटताना विचारलं जायचं ते नगांचंच.

समाजशास्त्रज्ञ चार्ल्स पेरो यांनी १९६१ साली नेमका हा फरक मांडला. संस्थेची अधिकृत ध्येयं सनदेत, वार्षिक अहवालात, साहेबांच्या भाषणात असतात. चालती ध्येयं वेगळी. ती रोजच्या निर्णयांतून कळतात: पैसा कशावर खर्च होतो, माणसं कुठे लावली जातात, दोन गोष्टींत ओढाताण झाली की कुठली मागे पडते. आमच्याकडे काय मागे पडायचं, ते त्या काडीवरून दिसत होतं.

आकड्याची ताकद मात्र खरी आहे, ती नाकारून चालणार नाही. मानसशास्त्रज्ञ एडविन लॉक आणि गॅरी लेथम यांनी ती अनेक वर्षं अभ्यासली. 'जमेल तेवढं चांगलं करा' यापेक्षा ठरावीक, अवघड पण आवाक्यातलं लक्ष्य माणसाकडून जास्त काम करून घेतं. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या ओक्लाहोमाचे ओंडके वाहणारे ट्रक कायद्याने चालणाऱ्या वजनाच्या ६० टक्क्यांच्या आसपासच भरले जात होते. ९४ टक्क्यांचं लक्ष्य दिलं आणि तीन महिन्यांत भरणा ९० टक्क्यांवर गेला. पगारात एक पैसा वाढला नव्हता. लक्ष्य चुकलं तर शिक्षा नाही, हेही आधीच सांगितलेलं होतं. माझ्या मते हा तपशील सगळ्यात मोलाचा, आणि आपल्याकडे नेमका तोच गळतो.

कारण बोलणी बसणार असतील तर माणूस काम नाही, आकडा सांभाळतो. आमच्या हिरव्या बोर्डाचंही तेच झालं. एका सहकाऱ्याचं बोट कापलं, तीन टाके पडले, आणि नोंद झाली 'घरी लागलं' अशी. बोर्डावरचा आकडा दुसऱ्या दिवशी एकने वाढला. मला त्याचा राग आजही येतो.

आणखी एक गोष्ट नव्या पोरांची. मानसशास्त्रज्ञ रूथ कॅनफर आणि फिलिप अकरमन यांनी १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकी हवाई दलाच्या प्रशिक्षणार्थींना विमान वाहतूक नियंत्रणाचं नकली काम दिलं. शिकण्याच्या सुरुवातीलाच आकड्याचं लक्ष्य दिलं, तर कामगिरी घसरली. लक्ष अर्धं कामात, अर्धं आकड्यात. अशा वेळी शिकण्याचं ध्येय बरं. प्रेसवर आलेल्या पोराला पहिल्या आठवड्यात नग विचारू नयेत. डाय कशी बसवायची, पत्रा कुठे अडकतो, दोन बटणं कशासाठी आहेत, हे विचारावं.