रोहस व वी निर्देश : विद्युत उपकरणांतील घातक पदार्थ आणि ई-कचरा यांविषयीचे युरोपीय नियम

युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या विद्युत व इलेक्ट्रॉनिक उपकरणांत कोणते घातक पदार्थ किती प्रमाणापर्यंत चालतील, आणि ती उपकरणे निकामी झाल्यावर त्यांची विल्हेवाट कोणी व कोणाच्या खर्चाने लावावी, हे ठरविणारे दोन निर्देश अनुक्रमे ‘रोहस’ आणि ‘वी’ या इंग्रजी आद्याक्षरी नावांनी ओळखले जातात. दोन्ही मूळ निर्देश (२००२/९५/ईसी व २००२/९६/ईसी) २७ जानेवारी २००३ या एकाच दिवशी संमत झाले. आज त्यांच्या जागी २०११ चा रोहस निर्देश (२०११/६५/ईयू) आणि २०१२ चा वी निर्देश (२०१२/१९/ईयू) लागू आहेत. प्रत्यावर्ती प्रवाहावर १,००० व्होल्टपर्यंत किंवा एकदिश प्रवाहावर १,५०० व्होल्टपर्यंत चालणारी बहुतेक सर्व उपकरणे त्यांच्या कक्षेत येतात. लष्करी सामग्री, अंतराळात पाठवायची साधने आणि एका जागी कायमची उभारलेली मोठी औद्योगिक संयंत्रे मात्र वगळली आहेत. बॅटऱ्यांमधील घातक पदार्थांसाठी वेगळा कायदा आहे.

हे कायदे येण्याच्या थोडे आधी, डिसेंबर २००१ मध्ये, नेदरलँड्समधील अधिकाऱ्यांनी सोनी कंपनीचे सुमारे १३ लाख ‘पीएस वन’ खेळसंच अडवून धरले. खेळसंचाबरोबर दिलेल्या केबलमध्ये कॅडमियमचे प्रमाण त्या देशाच्या तत्कालीन मर्यादेपेक्षा अधिक आढळले होते. केबल पुरवठादाराची असली तरी माल अडला तो सोनीचा, आणि नाताळच्या तोंडावर केबली बदलून देण्याचा भुर्दंडही सोनीलाच सोसावा लागला. पुढे सर्व युरोपला लागू झालेल्या नियमांत जबाबदारीची वाटणी याच धर्तीची आहे : सुटा भाग कोणीही बनविलेला असो, ज्याच्या नावाने उपकरण विकले जाते त्यालाच जाब द्यावा लागतो.

दोन्ही निर्देश जुळे असले तरी त्यांचा कायदेशीर पाया वेगळा आहे, आणि निर्यातदाराच्या दृष्टीने ही बाब वाटते त्याहून महत्त्वाची आहे. रोहस हा संघाच्या एकसंध बाजारपेठेविषयीच्या कलमावर आधारलेला असल्याने त्यातील मर्यादा सर्व सदस्य राष्ट्रांत सारख्याच असतात; एकदा अनुपालन सिद्ध झाले की तोच माल लिस्बनमध्ये आणि हेलसिंकीतही विकता येतो. वी हा पर्यावरणविषयक कलमावर आधारलेला असून त्यात राष्ट्रांना अधिक कडक होण्याची मुभा आहे. त्यामुळे नोंदणी, शुल्क आणि अहवालाचे नमुने देशागणिक बदलतात.

रोहसने प्रथम सहा पदार्थांवर बंधन घातले आणि ते १ जुलै २००६ पासून अमलात आले. शिसे, पारा, षट्‌संयुजी क्रोमियम आणि आग प्रतिबंधासाठी प्लॅस्टिकमध्ये घालण्यात येणारे ब्रोमीनयुक्त पदार्थांचे दोन गट (पीबीबी व पीबीडीई) यांची मर्यादा वजनाच्या ०.१ टक्के, तर कॅडमियमची ०.०१ टक्के आहे. २०१५ च्या दुरुस्तीने प्लॅस्टिक मऊ करण्यासाठी वापरले जाणारे डीईएचपी, बीबीपी, डीबीपी व डीआयबीपी हे चार थॅलेट यादीत आले. त्यांच्यावरील बंधन २२ जुलै २०१९ पासून, तर वैद्यकीय आणि मापन उपकरणांसाठी २२ जुलै २०२१ पासून लागू झाले.

ही टक्केवारी कशाची, हा या कायद्याचा कळीचा प्रश्न आहे. ती संपूर्ण उपकरणाच्या वजनाची नसते, सुट्या भागाच्या वजनाचीही नसते. ती प्रत्येक ‘एकजिनसी पदार्थाची’ असते. स्क्रू काढून, कापून, चिरडून, दळून किंवा घासून ज्यातून दुसरा पदार्थ वेगळा करता येत नाही, तो एकजिनसी पदार्थ. दोन किलोच्या एखाद्या उपकरणात जुन्या पद्धतीचा दोन ग्रॅम डाख (सोल्डर) वापरला असेल, तर त्यात शिसे सुमारे पाऊण ग्रॅम भरते. सबंध उपकरणाच्या वजनात ते ०.०४ टक्केही होत नाही. परंतु डाखाचा टाका हा स्वतंत्र एकजिनसी पदार्थ असून त्यात शिसे ३७ टक्के, म्हणजे मर्यादेच्या ३७० पट असते. साध्या वायरमध्येही तांब्याची तार, तिच्यावरील कथलाचा मुलामा, पीव्हीसीचे वेष्टन आणि त्यावर छापलेल्या अक्षरांची शाई असे किमान चार पदार्थ वेगवेगळे मोजले जातात.

याचा सर्वांत जवळचा नमुना म्हणजे कारखान्यातला साधा स्क्रू. गंज चढू नये म्हणून पोलादी स्क्रूवर जस्ताचा मुलामा देतात आणि त्यावर क्रोमियमयुक्त द्रावणाची प्रक्रिया करतात; प्लेटिंगवाले तिला ‘पॅसिव्हेशन’ म्हणतात. पिवळसर, तिरपे धरल्यास इंद्रधनुषी छटा दाखविणारे पॅसिव्हेशन पारंपरिकरीत्या षट्‌संयुजी क्रोमियमचे असे. रोहसनंतर त्याची जागा त्रिसंयुजी क्रोमियमच्या निळसर-पांढऱ्या लेपाने घेतली. तथापि त्रिसंयुजी क्रोमियमचाही पिवळा लेप मिळतो, म्हणून नुसत्या रंगावरून निवाडा करणे धोक्याचे ठरते.

उद्योगाला सर्वाधिक त्रास झाला तो डाखात. ६३ टक्के कथील व ३७ टक्के शिसे यांचा जुना डाख १८३ अंश सेल्सियसला वितळतो. त्याच्या जागी आलेल्या कथील-चांदी-तांबे मिश्रधातूला २१७ अंशांपर्यंत न्यावे लागते, आणि एवढा ताप सर्किट बोर्ड, प्लॅस्टिकचे कनेक्टर व कपॅसिटर यांनाही सोसावा लागतो. शिशाचा टाका आरशासारखा चकाकतो, तर बिनशिशाचा मंद व किंचित दाणेदार दिसतो. वर्षानुवर्षे ‘निस्तेज टाका म्हणजे ड्राय सोल्डर’, म्हणजे कच्चा जोड, असे शिकलेल्या तपासनिसांना नवा टाका चांगला आहे हे डोळ्यांना पुन्हा शिकवावे लागले. शुद्ध कथलाच्या मुलाम्यातून केसासारखे बारीक तंतू उगवून शेजारच्या दोन जोडण्यांत शॉर्ट सर्किट होण्याचा धोका शिशामुळे बराच कमी होत असे. शिसे गेल्यावर तो पुन्हा वर आला. जिथे दुरुस्तीसाठी अजूनही शिशाचा डाख वापरला जातो, तिथे सोल्डरिंगचे टोक व भांडी वेगळी ठेवावीच लागतात, कारण शिशाचा अंश एका टोकावरून सहज दुसऱ्या टाक्यात जातो.

पर्याय उपलब्ध नसेल तिथे मुदतबंद सवलती मिळतात. पितळासारख्या तांब्याच्या मिश्रधातूंत ४ टक्क्यांपर्यंत शिसे, ८५ टक्क्यांहून अधिक शिसे असलेला उच्च तापमानाचा डाख, काच व सिरॅमिकमधील शिसे ही त्यांची ठळक उदाहरणे आहेत. मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरणाचा अर्ज आला नाही किंवा तो फेटाळला गेला, तर सवलत संपते. सर्वसामान्य प्रकाशासाठीच्या सीएफएल दिव्यांतील पाऱ्याची सवलत २४ फेब्रुवारी २०२३ रोजी, आणि टी५ व टी८ नळीदिव्यांची २४ ऑगस्ट २०२३ रोजी अशीच संपली. सवलत देण्यातही मनमानी चालत नाही : डेका-बीडीई या अग्निरोधकाला युरोपीय आयोगाने दिलेली सूट युरोपीय संसद व डेन्मार्क यांच्या दाव्यावरून युरोपीय न्यायालयाने १ एप्रिल २००८ रोजी रद्दबातल ठरविली. शिवाय रोहसची सवलत मिळाली म्हणजे सुटका झाली असे नाही. शिसे जून २०१८ मध्ये ‘रीच’ या रसायनविषयक नियमावलीच्या चिंताजनक पदार्थांच्या यादीत आल्यामुळे, सवलतीखाली वापरलेल्या पितळी टर्मिनलचीही माहिती ग्राहकाला कळवावी लागते आणि ५ जानेवारी २०२१ पासून संघाच्या ‘स्किप’ या माहितीकोशात नोंदवावी लागते.

अनुपालन सिद्ध करण्याची पद्धत प्रयोगशाळेपेक्षा कागदावर अधिक विसंबून आहे. २०११ च्या निर्देशाने रोहसला ‘सीई’ चिन्हाशी, म्हणजे माल युरोपीय नियमांना धरून असल्याच्या उत्पादकाच्या खुणेशी, जोडले. उत्पादकाने तांत्रिक दप्तर तयार करून अनुरूपतेचे घोषणापत्र स्वतःच्या सहीने द्यायचे आणि दोन्ही दहा वर्षे जपायचे, असा त्याचा दंडक आहे. हिरव्या पानाचे चित्र असलेली ‘रोहस’ची जी चिकटपत्रे बाजारात दिसतात, त्यांना युरोपीय कायद्यात कोणतेही स्थान नाही. दप्तरात काय असावे हे ‘ईएन आयईसी ६३०००’ या मानकात दिले आहे. हजारभर सुट्या भागांतील प्रत्येक एकजिनसी पदार्थ तपासणे कोणालाच परवडणारे नसल्याने हे मानक जोखमीचा विचार करायला सांगते : पदार्थ कोणता, त्यात बंदी असलेले द्रव्य असण्याची शक्यता किती आणि पुरवठादार किती विश्वासार्ह, यांवरून कुठे लेखी घोषणा पुरेल आणि कुठे चाचणी हवी हे ठरते. ही रचना व्यवहार्य आहे, पण साखळीतल्या एकाने न वाचता केलेली सही शेवटच्या घोषणापत्रापर्यंत जाते, हा तिचा कच्चा दुवा होय.

प्राथमिक चाचणीसाठी पिस्तुलासारखे हातात धरायचे क्ष-किरण प्रतिदीप्ती यंत्र, बोलीत ‘एक्सआरएफ’, वापरतात. ते अर्ध्या-एक मिनिटात शिसे, पारा, कॅडमियम, एकूण क्रोमियम आणि एकूण ब्रोमीन दाखविते. मात्र क्रोमियम त्रिसंयुजी की षट्‌संयुजी, ब्रोमीन बंदी असलेल्या संयुगातले की दुसऱ्या कुठल्या, हे त्याला सांगता येत नाही. थॅलेट तर त्याला दिसतच नाहीत. अशा वेळी ‘आयईसी ६२३२१’ मालिकेतील रासायनिक चाचण्या कराव्या लागतात.

वी निर्देशाचे मूळ तत्त्व उत्पादकाच्या विस्तारित जबाबदारीचे आहे. येथे ‘उत्पादक’ या शब्दात त्या देशात प्रथम माल आणणारा आयातदार आणि परदेशातून थेट ग्राहकाला विकणारा ऑनलाइन विक्रेताही येतो. त्याने प्रत्येक देशाच्या नोंदवहीत नाव घालायचे, विकलेल्या मालाचे वजन कळवायचे आणि संकलन व पुनर्प्रक्रियेचा खर्च उचलायचा असतो. जर्मनीत हे काम ‘श्टिफ्टुंग ईएआर’ ही संस्था पाहते. नोंदणी ब्रँडनिहाय व उपकरणाच्या प्रकारानुसार होते, नोंदणीपूर्वी विक्री करता येत नाही आणि दंड एक लाख युरोपर्यंत जाऊ शकतो. उपकरणावर फुलीने खोडलेल्या, चाकांच्या कचरापेटीचे चिन्ह असते; त्याखालची आडवी पट्टी माल १३ ऑगस्ट २००५ नंतर बाजारात आल्याचे दर्शविते. ४०० चौरस मीटर वा अधिक विक्रीक्षेत्र असलेल्या दुकानांना २५ सेंटिमीटरपेक्षा लहान जुनी उपकरणे नवी खरेदी नसतानाही विनामूल्य परत घ्यावी लागतात.

२०१९ पासून संकलनाचे उद्दिष्ट मागील तीन वर्षांत बाजारात आलेल्या मालाच्या सरासरी वजनाच्या ६५ टक्के आहे, आणि बहुतेक सदस्य राष्ट्रे तिथपर्यंत पोचलेली नाहीत. याचा काही दोष सूत्राकडेही जातो, कारण शीतकपाट पंधरा वर्षे चालते आणि विक्री वाढत असताना मागील तीन वर्षांच्या विक्रीशी आजचा कचरा जुळत नाही. म्हणूनच निर्माण झालेल्या ई-कचऱ्याच्या ८५ टक्के हा पर्यायी निकषही निर्देशात दिला आहे. गोळा झालेल्या उपकरणांतून पाऱ्याचे भाग, बॅटऱ्या, टोनरची नळकांडी आणि १० चौरस सेंटिमीटरहून मोठे सर्किट बोर्ड आधी वेगळे काढणे बंधनकारक आहे.

भारताच्या २०२२ च्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांत, जे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, उत्पादकाची विस्तारित जबाबदारी आणि मूळचे सहा पदार्थ त्याच मर्यादांसह आले आहेत. चार थॅलेट मात्र त्यांत नाहीत. पुण्या-नाशकाकडील जे उद्योजक युरोपला पॅनेल, सेन्सर किंवा केबलचे जुडगे पाठवितात, त्यांची गफलत बहुधा याच ठिकाणी होते. स्थानिक पुरवठादाराचे ‘रोहस अनुरूप’ असे प्रमाणपत्र भारतीय नियमांपुरते बरोबर असते, पण त्यात सहाच पदार्थांची नावे असतील तर पीव्हीसी वायरच्या वेष्टनाबद्दल ते काहीच सांगत नाही. थॅलेट तर प्लॅस्टिकला रासायनिक बंधाने जखडलेले नसतात. मऊ वेष्टनाला दीर्घकाळ टेकून राहिलेल्या दुसऱ्या प्लॅस्टिकमध्येही ते झिरपतात. त्यामुळे अशा प्रमाणपत्रावर प्रथम पाहायची ती निर्देशाची दुरुस्ती क्रमांक २०१५/८६३ नमूद आहे की नाही ती ओळ, आणि मग तारीख.