शिक्षणातील प्रताधिकार आणि न्याय्य वापर

अध्यापन, संशोधन, समीक्षा किंवा वृत्तकथन यांसाठी दुसऱ्याच्या प्रताधिकारित (कॉपीराइट असलेल्या) कृतीचा काही भाग, हक्कधारकाची परवानगी न घेता व मोबदला न देता, वापरण्याची कायद्याने दिलेली मर्यादित मुभा म्हणजे न्याय्य वापर होय. अमेरिकी कायद्यात तिला ‘फेअर यूज’ म्हणतात. ब्रिटन, कॅनडा, भारत या देशांत ‘फेअर डीलिंग’ ही संज्ञा रूढ आहे. या दोन संज्ञा सर्रास एकमेकींच्या जागी वापरल्या जातात, पण त्यांमागील रचना वेगळी आहे. अमेरिकेत कोणत्याही हेतूने केलेला वापर न्याय्य ठरू शकतो आणि तो तसा आहे की नाही हे न्यायालय काही घटक तपासून ठरवते. फेअर डीलिंगमध्ये वापर हा कायद्याने नेमून दिलेल्या हेतूंपैकी एखाद्यात बसावाच लागतो. म्हणून एका देशातील नियम दुसऱ्या देशातील शिक्षकाने जसाच्या तसा लागू मानणे धोक्याचे असते.

प्रताधिकार कल्पनेला नसतो, कल्पनेच्या मांडणीला असतो. प्रकाशसंश्लेषणाची प्रक्रिया, एखाद्या लढाईचे साल किंवा गणिताचे सूत्र यांवर कोणाचीही मालकी नाही. मात्र ती प्रक्रिया समजावून सांगणारा विशिष्ट उतारा किंवा तिची कोणी काढलेली आकृती यांवर असते. १८८६ मध्ये झालेल्या व पुढे सुधारलेल्या बर्न या आंतरराष्ट्रीय प्रताधिकार करारानुसार हा हक्क निर्मितीबरोबर आपोआप मिळतो. नोंदणी किंवा हक्कसूचक चिन्ह यांची अट घालता येत नाही. त्यामुळे चिन्ह नाही म्हणजे मालक नाही, हा समज चुकीचा आहे, आणि महाजालावर सहज मिळालेले चित्र मोकळे असतेच असे नाही. विद्यार्थ्याने लिहिलेला निबंधसुद्धा याच न्यायाने विद्यार्थ्याचा असतो, ही बाब शाळांच्या क्वचितच ध्यानात येते. करारातील किमान मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षांची आहे. भारतात ती ६० वर्षे, तर युरोपीय संघात आणि अमेरिकेतील आधुनिक कृतींसाठी सामान्यतः ७० वर्षे आहे. मुदत संपलेली कृती सर्वांसाठी खुली होते, परंतु तिचे अलीकडचे भाषांतर, त्यावरील टिपा किंवा प्रस्तावना यांचा हक्क स्वतंत्रपणे चालू असू शकतो.

इंग्लंडमध्ये १७१० साली झालेल्या पहिल्या प्रताधिकार कायद्याच्या शीर्षकातच विद्येला उत्तेजन देण्याचा उद्देश लिहिलेला होता. न्याय्य वापराच्या सिद्धान्ताची पायाभरणी करणारा अमेरिकेतील १८४१ चा खटलाही शालेय ग्रंथालयांसाठी काढलेल्या एका पुस्तकावरूनच उभा राहिला. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या पत्रव्यवहाराच्या बारा खंडी ग्रंथातून ३५३ पाने उचलून ८६६ पानांचे दोन खंडी चरित्र तयार करण्यात आले होते. पुस्तक विद्यार्थ्यांच्या उपयोगाचे असूनही न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी यांनी निकाल त्याच्या विरोधात दिला. घेतलेल्या मजकुराचे स्वरूप व हेतू, त्याचे प्रमाण व मोल, आणि मूळ ग्रंथाच्या विक्रीला किंवा नफ्याला पोहोचणारी बाधा, ही त्यांनी तेथे मांडलेली कसोटी पुढे १९७६ च्या अमेरिकी कायद्याच्या कलम १०७ मध्ये उतरली.

या कलमात अध्यापनाचा, अगदी वर्गासाठी काढलेल्या अनेक प्रतींचाही, नावाने उल्लेख आहे. पण त्यामुळे अध्यापनासाठीचा प्रत्येक वापर न्याय्य ठरत नाही. चार घटक एकत्र पाहावे लागतात. वापर कशासाठी आहे, नफ्यासाठी की शिक्षणासाठी, आणि मूळ कृतीत त्याने नवा अर्थ किंवा नवे प्रयोजन आणले का, हा पहिला. मूळ कृती माहितीपर आहे की कल्पनाप्रधान, हा दुसरा. संपूर्ण कृतीच्या तुलनेत किती आणि कोणता भाग घेतला, हा तिसरा. आणि मूळ कृतीच्या संभाव्य बाजारपेठेवर काय परिणाम होईल, हा चौथा. तिसऱ्या घटकात केवळ पाने मोजून भागत नाही. कृतीचा गाभा दोन परिच्छेदांत असेल, तर तेवढेही जास्त ठरू शकते.

हे घटक प्रत्यक्षात कसे लागू होतात, ते केकच्या सजावटीवरील एका पुस्तिकेच्या खटल्यात चांगले दिसते. एका शिक्षिकेने ३५ पानांची पुस्तिका लिहून ती आपल्या वर्गातील विद्यार्थ्यांना विकली. तिच्याच वर्गात शिकलेल्या, शाळेत गृहविज्ञान शिकवणाऱ्या दुसऱ्या शिक्षिकेने आपल्या विद्यार्थ्यांसाठी २४ पानांचे साहित्य तयार केले. त्यातील ११ पाने पुस्तिकेतून उतरवलेली होती, आणि परवानगी किंवा ऋणनिर्देश यांपैकी काहीच नव्हते. वर्गात १५ प्रती ठेवल्या होत्या व कोणीही त्यातून पैसा कमावला नव्हता. पुढे मूळ लेखिकेकडे शिकायला आलेल्या एका बाईंनी पुस्तिका विकत घेण्यास नकार दिला, कारण त्यांच्या मुलाने शाळेतून आणलेले साहित्य पाहून लेखिकेनेच नक्कल केली असावी असा त्यांचा समज झाला होता. १९८३ मध्ये अपील न्यायालयाने हा वापर न्याय्य नसल्याचे ठरवले. लेखिकेचे आर्थिक नुकसान झाल्याचे दिसले नव्हते. तथापि दोन्ही साहित्यांचा हेतू एकच होता आणि पुस्तिकेतील महत्त्वाचा बहुतांश भाग जसाच्या तसा घेतला होता, या गोष्टी पारड्यात जड ठरल्या. ‘पैसे घेतले नाहीत, मग हरकत काय’ हा शिक्षकांचा नेहमीचा युक्तिवाद किती अपुरा आहे, हे यावरून कळते.

‘दहा टक्क्यांपर्यंत चालते’ हा समज याहूनही चिवट आहे. त्याचे मूळ बहुधा १९७६ मध्ये अमेरिकेतील शिक्षक, लेखक व प्रकाशक यांच्या प्रतिनिधींनी मान्य केलेल्या मार्गदर्शक सूचनांत असावे. २५० शब्दांपर्यंतची कविता, २,५०० शब्दांपेक्षा लहान लेख, आणि गद्य उतारा असल्यास १,००० शब्द किंवा दहा टक्के यांपैकी जे कमी असेल ते, अशी मापे तेथे दिली होती. शिवाय प्रत काढण्याची गरज ऐनवेळी उद्भवलेली असावी, अशीही अट होती. ती मात्र सगळे विसरले. या सूचना कायदा नाहीत आणि त्यांत सांगितलेली मापे किमान सुरक्षित मर्यादेची आहेत, कमाल मर्यादेची नाहीत. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील एका विद्यापीठाच्या ऑनलाइन वाचनसाहित्यावरील खटल्यात खालच्या न्यायालयाने दहा टक्के किंवा एक प्रकरण अशी रेघ ओढली होती. २०१४ मध्ये अपील न्यायालयाने ती यांत्रिक म्हणून नाकारली आणि प्रत्येक उतारा स्वतंत्रपणे तपासायला सांगितले. याउलट ब्रिटनच्या कायद्यात शैक्षणिक संस्थांना बारा महिन्यांत एका कृतीचा पाच टक्के भाग, परवाना उपलब्ध नसल्यास, काढण्याची स्पष्ट मुभा आहे.

निवडक प्रकरणांच्या झेरॉक्स प्रती एकत्र बांधून केलेल्या वाचनसंचांवर अमेरिकी व भारतीय न्यायालयांची मते वेगळी पडली. अमेरिकेत १९९१ व १९९६ च्या निकालांनी असे संच विकणाऱ्या व्यावसायिक दुकानांना संरक्षण नाकारले. भारतात १९५७ च्या कायद्याच्या कलम ५२ मध्ये वैयक्तिक वापर व संशोधन, टीका व समीक्षा, आणि चालू घडामोडींचे वृत्तकथन यांसाठी फेअर डीलिंगची मुभा आहे. त्याखेरीज शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने अध्यापनाच्या ओघात केलेल्या प्रती, तसेच परीक्षेतील प्रश्न व उत्तरे यांसाठी वेगळी तरतूद आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील एका झेरॉक्स दुकानावर तीन आंतरराष्ट्रीय प्रकाशनसंस्थांनी २०१२ मध्ये दावा लावला, तेव्हा याच वेगळ्या तरतुदीचा अर्थ लावला गेला. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ‘अध्यापनाचा ओघ’ वर्गातील व्याख्यानापुरता मर्यादित नसल्याचे सांगितले. द्विसदस्यीय खंडपीठाच्या मते किती पाने घेतली यापेक्षा अध्यापनाच्या उद्देशासाठी तेवढी आवश्यक होती का, हे पाहायचे असते. २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. ही मुभा क्रमिक पुस्तके छापून विकण्याची नव्हे: शालेय संग्रहासाठी उतारे घेताना एकाच लेखकाचे पाच वर्षांत दोनाहून अधिक उतारे एका प्रकाशकाला या अपवादाखाली घेता येत नाहीत. कलम ५२ मधील फेअर डीलिंगच्या तरतुदीतून संगणक प्रणाली वगळलेल्या आहेत.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत घोटाळा होतो तो वाङ्मयचौर्य आणि प्रताधिकारभंग यांत. पहिला शैक्षणिक प्रामाणिकपणाचा प्रश्न आहे, दुसरा कायद्याचा. मुदत संपलेल्या ग्रंथातील परिच्छेद स्वतःच्या नावावर खपवला, तर कायदा मोडत नाही, पण चौर्य होते. उलट संपूर्ण पुस्तक लेखकाच्या नावासह सार्वजनिक संकेतस्थळावर चढवले, तर श्रेय दिलेले असूनही हक्कभंग होतो. प्रबंधात अवतरण देऊन त्यावर भाष्य करणे ही न्याय्य वापराची सर्वांत निर्धोक जागा आहे. तोच प्रकल्प पार्श्वसंगीत घालून चित्रफीत म्हणून प्रसारित केला, की प्रश्न बदलतो: वर्गातील मर्यादित प्रेक्षक जाऊन त्याजागी सारे जग येते.

प्रत्यक्ष वर्गात चित्रपट दाखवणे किंवा नाटकाचा प्रवेश करणे यांसाठी अमेरिकी कायद्यात वेगळा अपवाद आहे. तो ना-नफा संस्थेतील समोरासमोरच्या अध्यापनाला लागू होतो आणि चित्रपटाची प्रत कायदेशीर असावी लागते. दूरस्थ वर्गांसाठीची २००२ ची दुरुस्ती यापेक्षा बरीच अटींनी जखडलेली आहे. अशा ठिकाणी प्रत देण्याऐवजी मूळ स्थानाचा दुवा देणे किंवा खुल्या परवान्याचे साहित्य निवडणे सोपे पडते. २००१ साली स्थापन झालेल्या क्रिएटिव्ह कॉमन्स संस्थेच्या परवान्यांत श्रेयनिर्देशाची अट सामान्यतः असते. काहींत व्यावसायिक वापराला, तर काहींत बदल केलेली आवृत्ती प्रसृत करण्याला मनाई असते. त्यामुळे असे चित्र वर्गाच्या तक्त्यावर लावता आले, तरी त्याच्यावर नवी नावे घालून किंवा त्याचे भाषांतर करून ते इतरांना वाटण्यापूर्वी परवान्यातील ही शेवटची अट वाचून घ्यावी लागते.