जायरो लावलेल्या मॉडेल विमानांतील सर्वोची थरथर

रेडिओ-नियंत्रित मॉडेल विमानात ट्रान्समीटरची स्टिक स्थिर असताना सर्वो, म्हणजे पंख-शेपटीवरच्या हलत्या फळ्या वळवणारी छोटी मोटर, बारीक बारीक हलत राहतो, त्या दोषाला सर्वोची थरथर किंवा जिटर म्हणतात. एलेरॉन, एलिव्हेटर किंवा रडर (पंखांवरच्या आणि शेपटीवरच्या या हलत्या फळ्या, म्हणजे सरफेस) कडेला डोळ्यांना दिसेल इतपत कापू लागतो, सर्वोतून बारीक गुरगुर येते आणि बॅटरी विनाकारण खर्ची पडते. विमानात जायरो स्टॅबिलायझर (विमान आपोआप स्थिर ठेवणारे उपकरण) असेल तर सगळे खापर त्याच्यावर फुटते, पण पुष्कळदा मूळ दोष आधीपासून असतो आणि जायरोमुळे तो फक्त उघडा पडतो.

सर्वोला रिसीव्हरकडून (ट्रान्समीटरच्या आज्ञा पकडणाऱ्या विमानातल्या भागाकडून) ठरावीक अंतराने विद्युत स्पंद मिळतात. साध्या अ‍ॅनालॉग सर्वोसाठी हे अंतर सुमारे २० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला ५० स्पंद. स्पंदाची लांबी १,००० ते २,००० मायक्रोसेकंद असते आणि १,५०० ला सर्वो मध्यावर राहतो. १,००० मायक्रोसेकंदांत सर्वोचा दांडा साधारण ९० अंश फिरतो, तेव्हा एका मायक्रोसेकंदाच्या फरकाने दांडा जेमतेम ०.०९ अंश हलायला हवा. इतके सूक्ष्म बदल सर्वो मनावर घेत नाही. त्याच्या या दुर्लक्षाच्या पट्ट्याला डेड बँड म्हणतात. स्वस्त, ९ ग्रॅमच्या सर्वोंत तो रुंद असतो, महागड्या डिजिटल सर्वोंत एक-दोन मायक्रोसेकंद इतका अरुंद. त्यामुळे चांगला सर्वो बसवल्यावर थरथर वाढल्याचा अनुभव अनेकांना येतो, आणि त्यात नवल काही नाही. जुन्या सर्वोत आतला पोटेन्शिओमीटर (दांड्याची जागा मोजणारा भाग) मध्यभागी झिजलेला असेल, तर तो आपली जागा चुकीची वाचतो आणि मध्याशीच नाचत राहतो. इथे जायरोचा काही संबंध नसतो.

जायरो रिसीव्हर आणि सर्वो यांच्या मध्ये बसतो. पूर्वीचे मॉडेल-जायरो यांत्रिक होते. आत छोटी मोटर खरोखरीचे चाक फिरवत असे, आणि त्यांचे मुख्य गिऱ्हाईक हेलिकॉप्टरची शेपटी होती. आजच्या जायरोत सिलिकॉनची सूक्ष्म संवेदक चिप असते. विमान किती वेगाने कलते वा वळते आहे हे ती मोजते आणि उलट दिशेची दुरुस्ती स्टिकच्या आज्ञेत मिसळली जाते. दुरुस्ती किती जोरात करायची ते गेन ठरवतो. पण वाऱ्याने बसलेला धक्का आणि मोटरच्या कंपनाने बसलेला धक्का चिपला सारखेच वाटतात. असे कंपन वगळणारी गाळणी (फिल्टर) नीट नसेल तर कंपनाचीही दुरुस्ती सुरू होते.

थरथर कधी होते, हे पाहिले की निम्मे निदान झाले. मोटर बंद, विमान टेबलावर निश्चल, तरी सर्वो कापतो आहे, असे असेल तर जायरो काढून सर्वो थेट रिसीव्हरला जोडावा. थरथर कायम राहिली तर दोष सर्वोत, वीजपुरवठ्यात किंवा जोडण्यांत आहे. थांबली, तर जायरो परत लावून गेन शून्यावर आणावा. शून्य गेनवरही थरथर असेल तर जायरोकडून जाणारा सिग्नल आणि सर्वो यांचा मेळ बसत नाही. अनेक जायरोंत सेकंदाला ३३३ स्पंदांचा पर्याय असतो. तो डिजिटल सर्वोसाठी आहे. अ‍ॅनालॉग सर्वोला दिला तर तो गुरगुरतो, तापतो आणि पुढे जळूही शकतो. हेलिकॉप्टरच्या काही शेपटी-सर्वोंसाठी मध्य ७६० मायक्रोसेकंदांचा असतो. हा पर्याय चुकून निवडला गेला तर साधा सर्वो एका टोकाला जाऊन अडतो.

गेन वाढवल्यावरच थरथर सुरू झाली आणि विमान हातात घट्ट धरताच थांबली, तर ते उपकरण बिघडल्याचे लक्षण नाही. सर्वो हलला की हलकी फोमची बॉडी हलते, ते जायरोला जाणवते, तो परत सर्वोला हलवतो, आणि चक्र चालू राहते. जायरो सर्वोच्या अगदी शेजारी चिकटवला असेल तर हे हमखास घडते. हेडिंग होल्डमध्ये (जायरो विमानाची स्थिती धरून ठेवतो त्या पद्धतीत) जमिनीवर सर्वो हळूहळू एका बाजूला सरकत जातो, तेही नैसर्गिक आहे; त्याला थरथर समजून तासन्‌तास शोध घेणारे कमी नाहीत.

मोटर सुरू केल्यावरच थरथर येत असेल तर आधी प्रोपेलर काढून मोटर फिरवावी. प्रोपेलरविना सर्वो शांत राहिले, तर संशय प्रोपेलरच्या असमतोलावर, वाकलेल्या शाफ्टवर किंवा सैल मोटर माउंटवर जातो. मिनिटाला ९,००० फेरे म्हणजे सेकंदाला १५० कंपने. इतक्या वेगाने सर्वो हलू शकत नाही, मग तो कापतो कशाने? समजा, जायरो सेकंदाला १६० वेळा मोजमाप घेतो आणि आधी गाळणी नाही. तर १५० ची कंपने त्याला सेकंदाला १० झोक्यांसारखी भासतात, आणि तेवढे हलणे सर्वोला सहज जमते. थ्रॉटलच्या एका ठरावीक पट्ट्यातच थरथर दिसते आणि पुढे-मागे गेले की नाहीशी होते, त्याचे एक कारण हे. दुसरे कारण अनुनाद, म्हणजे कंपन एखाद्या भागाच्या स्वाभाविक वारंवारतेशी जुळून वाढणे.

उपाय म्हणून जायरो दुहेरी फोम टेपवर बसवतात. टेप फार मऊ असेल तर जायरो स्वतःच डुलतो, फार कडक असेल तर कंपन जसेच्या तसे पोचते. टेप योग्य असूनही ताणलेल्या वायरी कंपन थेट जायरोच्या डबीत नेतात, हे मात्र सहज लक्षात येत नाही. वायरींना ढील ठेवावी.

प्रोपेलर काढूनही मोटर सुरू होताच थरथर होत असेल तर विजेकडे वळावे, मात्र प्रोपेलरविना मोटरवर भार नसतो, म्हणून ही चाचणी शांत निघाली तरी वीजपुरवठा निर्दोष ठरत नाही. ईएससीमधला (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या भागातला) बीईसी, म्हणजे रिसीव्हर आणि सर्वोंना वीज पुरवणारा भाग, बहुधा ५ व्होल्ट देतो. लिनिअर प्रकारचा बीईसी तीन सेलच्या, ११.१ व्होल्टच्या लिपो बॅटरीवर असेल तर दर अँपिअरमागे सुमारे ६ वॉट उष्णतेत घालवतो. जायरोमुळे सगळे सर्वो सतत आणि एकाच वेळी काम करतात. करंट वाढतो, व्होल्टेज क्षणभर कोसळते, आणि जायरो किंवा रिसीव्हर मध्येच पुन्हा सुरू होतो. हवेत पुन्हा सुरू झालेल्या जायरोला कॅलिब्रेशनसाठी हवी असलेली निश्चलता मिळत नाही, आणि तो चुकीचा शून्य धरून बसू शकतो. वेगळा, जास्त क्षमतेचा स्विचिंग बीईसी हा इथला खरा इलाज. रिसीव्हरच्या रिकाम्या खाचेत लावलेला कपॅसिटर (थोडी वीज साठवणारा भाग) क्षणिक घसरण सावरतो, अपुरा पुरवठा नाही. लांब सर्वो-वायरी मोटरच्या तीन तारांपासून दूर ठेवाव्यात आणि पीळ देऊन न्याव्यात.

जमिनीवर सारे शांत, पण वेगात शेपटी किंवा पंख भराभर हलतात, तेव्हा गेन जास्त आहे. सरफेसचा परिणाम हवेतल्या वेगाच्या वर्गानुसार वाढतो: ताशी ५० वरून १०० किलोमीटरवर गेल्यास चौपट. कमी वेगात बेताचा वाटणारा गेन सूर मारताना अति होतो. सर्वो आज्ञा पाळेपर्यंत थोडा वेळ जातो, दुरुस्ती उशिरा पोचते आणि विमान उलट्या बाजूला फेकले जाते. लिंकेज (सर्वो आणि सरफेस यांमधली जोडणी) सैल असेल, हॉर्नचे (सरफेसवरच्या, जोडणी अडकवायच्या तुकड्याचे) भोक रुंदावले असेल, तर कमी गेनवरही हे झोके संपत नाहीत, कारण त्या सैलपणाच्या आत सरफेसवर कोणाचाच ताबा नसतो. म्हणून गेन कमी करण्याआधी सरफेस बोटाने हलवून पाहावा. गेन स्विचवर किंवा नॉबवर असावा, म्हणजे झोके दिसताच थ्रॉटल कमी करून जायरो बंद करता येतो.

जायरो बंद केल्यावरही सरफेस वेगात फडफडत राहिला तर तो फ्लटर आहे. हवा आणि लवचीक सरफेस यांच्या परस्परक्रियेतून तो उद्भवतो आणि काही क्षणांत एलेरॉन उखडू शकतो. वेग उतरवणे एवढाच हवेतला उपाय. विमान खाली आल्यावर बिजागऱ्या, पुशरॉड (सर्वोपासून सरफेसपर्यंतचा दांडा) आणि सर्वोचे गिअर तपासल्याशिवाय ते पुन्हा उडवू नये.