होस्ट फॅमिली की होमस्टे? लेकराला परदेशी घरात पाठवण्याआधी

"तिकडं एका घरीच राहणार आहे, जेवणखाणही त्यांच्याकडंच." लातूर, नांदेड, परभणीकडच्या आईवडिलांच्या तोंडून हे वाक्य हमखास ऐकू येतं. हॉस्टेलपेक्षा घर बरं, ही आपली पक्की समजूत. त्यामुळं घर म्हटलं की निम्मी काळजी मिटते. पण ते घर होस्ट फॅमिलीचं आहे की होमस्टेचं, असं विचारलं तर बहुतेक पालक म्हणतात, "एकच ना ते?"

एक नाही. एक्स्चेंज कार्यक्रमात शाळकरी मुलं परदेशी घरात राहून तिथल्या शाळेत जातात. त्यातली होस्ट फॅमिली तुमच्या लेकराला वर्षभर सांभाळते आणि त्याबद्दल सहसा पैसे घेत नाही. होमस्टेचं घर दर आठवड्याला किंवा महिन्याला ठरलेली रक्कम घेतं आणि तिच्या बदल्यात खोली आणि जेवण देतं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं: अनोळखी कुटुंब, वेगळी खोली, टेबलावरचं जेवण. पण तिथं काय मागायचं, काय करू लागायचं, कशाचं वाईट वाटून घ्यायचं आणि तक्रार कुणाकडं न्यायची, हे सगळं त्या घराला पैसे मिळतात की नाही यावर ठरतं. हे न कळता गेलेली पोरं पहिल्या दोन महिन्यांत फार हिरमुसतात, आणि त्यात त्यांची काहीच चूक नसते. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

आपल्याकडची जुनी रीत आठवली तर हे पटकन उमजेल. आजोबांच्या पिढीतली गरीब मुलं वार लावून शिकली. सोमवारी एका घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्या. पैसे नव्हते, पण त्या घरचं पाणी भरणं, लहानग्यांचा अभ्यास घेणं ओघानंच येई, आणि भाजी पातळ आहे असं म्हणायची सोय नव्हती. आज लातूरला नीटच्या तयारीला आलेलं पोर मेस लावतं. तिथं महिन्याचे पैसे भरले की भाजी पातळ निघाल्यावर मेसवाल्याला सुनावता येतं. वाराला जातीची चौकट होती, कित्येकांच्या वाट्याला त्यात अपमानही आला, हे विसरता येत नाही. इथं घ्यायचा तो फक्त देण्याघेण्यातला फरक. होस्ट फॅमिली वाराच्या बाजूची, होमस्टे मेसच्या बाजूचा.

होस्ट फॅमिलीची कल्पना आली कुठून, हे कळलं की तिथले नियमही कळतात. एएफएस ही यातली जुनी संस्था. पहिल्या महायुद्धात, 1915 पासून, फ्रान्सच्या आघाडीवर जखमींना वाहून नेणाऱ्या अमेरिकी रुग्णवाहिका-चालकांची ही संघटना होती. दुसरं महायुद्ध संपल्यावर त्याच लोकांनी शाळकरी मुलांची देवाणघेवाण सुरू केली. एकमेकांच्या घरात राहिलेली, जेवलेली मुलं उद्या एकमेकांवर बंदूक उचलायला सहजी तयार होणार नाहीत, ही त्यामागची आशा. शाळकरी मुलांच्या अशाच एक्स्चेंजसाठी अमेरिकी सरकारची केनेडी-लुगर यस शिष्यवृत्ती 2002 मध्ये सुरू झाली आणि भारतातल्या मुलांनाही मिळत आली आहे. रोटरीचा युवा विनिमय कार्यक्रम 15 ते 19 वयाच्या मुलांसाठी असतो आणि लांब पल्ल्याचा असेल तर पूर्ण शैक्षणिक वर्षाचा. आपल्याकडं जिल्ह्याच्या गावी रोटरी क्लब असतोच. तिथं विचारायला आईवडील रोटरीचे सदस्य असावे लागत नाहीत, ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते.

रोटरीत घरांना पैसे मिळत नाहीत. अमेरिकेत जे-1 व्हिसावर, म्हणजे एक्स्चेंजच्या व्हिसावर, शाळेत जाणाऱ्या मुलांबाबत तर नियमच आहे की ठेवून घेणाऱ्या कुटुंबाला मोबदला देता येत नाही. त्याच नियमांनुसार घरातल्या सगळ्या प्रौढांची गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासली जाते, घराला भेट दिली जाते, मुलाला स्वतंत्र पलंग असावा लागतो आणि स्थानिक समन्वयकानं दर महिन्याला मुलाशी बोलावं लागतं. म्हणजे पैसे नाहीत म्हणून देखरेख नाही, असं अजिबात नाही. उलट इथं ती जास्त कडक असते.

पण घर पैसे घेत नाही याचा अर्थ कार्यक्रम फुकट असा कुणी काढू नये. विमान, व्हिसा, विमा हा खर्च बहुतेक वेळा आपलाच. खासगी संस्थांची फी काही लाखांत जाते. ती फी संस्थेला जाते, त्या घराला नाही. घोळ नेमका इथं होतो. वडिलांनी लाखो रुपये भरलेले असतात, त्यामुळं पोराला वाटतं की आपण पैसे देऊन राहतोय. आणि तिकडच्या आईच्या हातात एक पैसा आलेला नसतो. ती स्वतःच्या पगारातून त्याच्यासाठी दूध आणत असते.

उदगीरकडची एक मुलगी अमेरिकेतल्या एका छोट्या गावात होती. दुसऱ्याच आठवड्यात फ्रिजवर कागद लागला: सोमवार-गुरुवार भांडी, शनिवारी कुत्र्याला फिरवणं, स्वतःचे कपडे स्वतः. पोरीनं घरी फोन लावला आणि रडली, "मला कामाला ठेवल्यासारखं करतायत." वडील भडकले, संस्थेला फोन करायला निघाले. मग कुणीतरी विचारलं, त्या कागदावर अजून कुणाची नावं आहेत? त्या घरातल्या दोन्ही मुलांची होती, त्यांच्या वडिलांचं होतं. त्या यादीत नाव येणं म्हणजे घरात जागा मिळणं होतं. पोरीला हे आधी माहीत असतं तर तो आठवडा रडण्यात गेला नसता. हाच कागद होमस्टेच्या घरात लागला असता, तर मात्र वडिलांचा राग रास्त ठरला असता. आपली खोली आवरणं, ताट उचलून ठेवणं इतकं तिथं पुरतं. पैसे देणाऱ्याकडून घरकाम करून घेता येत नाही.

उलट्या बाजूचंही ऐका. जालन्याचा एक मुलगा मेलबर्नला कॉलेजला गेला, पहिले काही महिने होमस्टेत. आईनं चिवडा, बेसनाचे लाडू, घरच्या माणसांसाठी हिमरू शाल असं सगळं दिलं. घरमालकीणबाईंनी शाल प्रेमानं घेतली. पण घरात अजून दोन देशांचे विद्यार्थी होते, आणि संध्याकाळी जेवण ओव्हनमध्ये झाकून ठेवून घरची माणसं आपल्या खोलीत जात. हा रोज त्यांच्याशी गप्पा मारायला बसू पाही. शेवटी ही माणसं कोरडी आहेत, असा निष्कर्ष त्यानं काढला. त्यांनी करारात लिहिलेलं सगळं दिलं होतं: सकाळ-संध्याकाळचं जेवण, खोली, वायफाय, धुलाई. माया करारात नव्हती. काही होमस्टेच्या घरांत ती मिळते, आणि मिळाली तर नशीब. पण तिच्यावर हक्क सांगता येत नाही.

इंग्लंडमध्ये ब्रिटिश कौन्सिलची मान्यता असलेल्या भाषाशाळांच्या नियमांत एका घरात एका वेळी चारापेक्षा जास्त विद्यार्थी बसत नाहीत, आणि लेखी मागणी केल्याशिवाय एकाच मातृभाषेच्या दोघांना एका घरात ठेवत नाहीत. चार विद्यार्थी ठेवणं तिथं नियमात बसतं, यावरूनच होमस्टे हा व्यवसाय आहे हे ध्यानात यावं. व्यवसाय असणं वाईट नाही. फक्त ते ओळखून जावं.

जेवणाबाबत आपल्या पोरांची सगळ्यात जास्त आबाळ होते, आणि तीही दोन वेगळ्या कारणांनी. होमस्टेत शाकाहार ही अट म्हणून आधी लिहून घेता येते, काही ठिकाणी त्याचे जादा पैसे पडतात. लिहून घेतलं नसेल तर नंतर भांडून उपयोग नाही. होस्ट फॅमिलीत अर्जातच स्पष्ट लिहावं लागतं: अंडं चालतं का, त्याच कढईत केलेलं चालतं का, टेबलावर इतरांनी मांस खाल्लेलं चालतं का. नुसतं 'शाकाहारी' लिहिलं की तिकडचे लोक मासे पुढं ठेवतात, आणि त्यात त्यांचा काही वाईट हेतू नसतो. शिवाय आग्रह नावाची गोष्ट तिथं नसते. आपलं पोर संकोचानं एकदा "नको" म्हणतं, दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघतं आणि उपाशी झोपतं. जाण्याआधी त्याला दोन गोष्टी शिकवा. भूक लागली की भूक लागली म्हणायचं, आणि खिचडी व पिठलं स्वतः करता यायला हवं. होस्ट फॅमिलीत आठवड्यातून एक रात्र "आज मी करतो" म्हणणारं पोर त्या घराचं लवकर होतं. होमस्टेत मात्र स्वयंपाकघर वापरायची मुभा आहे का, ते आधी विचारावं लागतं.

पाण्याचं एक सांगण्यासारखं आहे. ऑस्ट्रेलियात कित्येक घरांत अंघोळीला चार-पाच मिनिटांची मर्यादा असते, आणि भारतातून गेलेली मुलं त्याचा राग धरतात. लातूरच्या एका मुलाला मात्र काहीच वाटलं नाही. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा तो प्राथमिक शाळेत होता, घागरी मोजून भरलेल्या त्याच्या डोळ्यांसमोर होत्या. त्यानं ते तिथल्या लोकांना सांगितलं, आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदा ती माणसं त्याच्याशी तासभर बोलली. आपल्या गावाबद्दल बोलायला लाजू नये, असं मला त्यावरून फार वाटतं.

रोटरीच्या मुलांना 'पहिल्या रात्रीचे प्रश्न' म्हणून एक यादी देतात. तुम्हाला काय म्हणून हाक मारू, मळके कपडे कुठं टाकू, अंघोळीची माझी वेळ कोणती, फ्रिजमधलं न विचारता घेतलं तर चालेल का, रात्री किती वाजेपर्यंत घरी यावं. आपल्या मुलांना हे प्रश्न विचारणं उद्धटपणाचं वाटतं. पण तिकडं न विचारता अंदाजानं वागणं जास्त खटकतं. ही यादी होमस्टेला जाणाऱ्यांनीही वापरावी, तिथंही ती तितकीच कामाची आहे.

आता बिनसलं तर काय, ते. होमस्टेत रस्ता सरळ आहे. शाळेच्या किंवा एजन्सीच्या होमस्टे समन्वयकाला कळवायचं, ठरलेल्या मुदतीची नोटीस द्यायची आणि घर बदलायचं. कुणाच्या मनाला लावून घ्यायचं कारण नाही. होस्ट फॅमिलीत मुलं महिनोन्‌महिने गप्प बसतात, कारण त्यांना वाटतं की फुकट ठेवून घेणाऱ्यांबद्दल तक्रार करणं म्हणजे कृतघ्नपणा. इथं आईबापांनी ठाम राहायला हवं. घर बदलणं एक्स्चेंजमध्ये नवलाचं नाही. रोटरीत तर वर्षभरात एकापेक्षा जास्त घरं आधीच ठरलेली असतात, आणि प्रत्येक मुलाला यजमान क्लबचा एक सल्लागार असतो. भांडी घासायला लावतात म्हणून घर बदलू नये. पण घरात भीती वाटते, कुणी अंगाला हात लावतं, खोलीचं दार लावू देत नाही, पासपोर्ट काढून घेतला, यातलं काहीही असेल तर "जरा ॲडजस्ट कर" हे शब्द फोनवर उच्चारू नका. त्याच मिनिटाला समन्वयकाला आणि इथल्या संस्थेला फोन करा. आपल्याकडं मुलींना हे शब्द फार वेळा ऐकवले जातात.

एक्स्चेंजची दुसरी बाजू मराठवाड्यातच घडते. रोटरीचा कारभार देवाणघेवाणीचा असल्यानं तिकडची मुलंही इकडच्या घरात राहायला येतात. आपली माणसं जीव ओवाळून टाकतात, पण एक गोष्ट हटकून करतात: त्या मुलीला पाहुणी करतात. तिला ताटावरून उठू देत नाहीत, स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नाहीत, बाहेर जायचं तर गाडी आणि सोबत कुणीतरी. आठ दिवस ते गोड वाटतं. तिसऱ्या महिन्यात तिला एकटं पडल्यासारखं होतं, कारण सगळे तिच्यासाठी काहीतरी करत असतात आणि तिच्याबरोबर कुणीच करत नाही. भाकरी थापायला बसवा, वाकडी झाली तरी पानात घ्या. गौरीच्या आराशीला हाताखाली घ्या. एक कायदेशीर बाबही आहे: परदेशी व्यक्ती घरी राहायला आली की 24 तासांत तिची माहिती सरकारकडं ऑनलाइन भरावी लागते, तुम्ही पैसे घेत असा वा नसा.

ओ पेअर हा तिसरा प्रकार वेगळा आहे, तो या दोन्हींत मिसळू नका. तिथं तरुण मुलगी किंवा मुलगा कुटुंबाची लहान मुलं सांभाळतो आणि त्याबद्दल राहणं, जेवण आणि हातखर्च मिळतो. ते मुळात काम आहे, शाळकरी मुलांचं एक्स्चेंज नव्हे.

मग कुणी काय निवडावं? दहावी-अकरावीच्या वयाच्या मुलाला जग बघू द्यायचं असेल तर माझं मत सरळ होस्ट फॅमिलीकडं झुकतं. मात्र त्याआधी घरात बसून एक हिशोब करा. ते वर्ष आपल्याकडच्या बारावीत, नीट-जेईईच्या तयारीत धरलं जाईलच असं नाही, आणि अमेरिकेत जे-1 वर गेलेल्या मुलाला तिथला हायस्कूल डिप्लोमा मिळेल याची खात्री नसते. शिवाय हे वर्ष एकदाच मिळतं. आधी जे-1 किंवा एफ-1 (विद्यार्थी व्हिसा) वर तिथं शाळेचं वर्ष केलेल्या मुलाला पुन्हा या कार्यक्रमात घेत नाहीत. पदवीसाठी जाणाऱ्याला पहिल्या दोन-तीन महिन्यांपुरता होमस्टे उत्तम: बसचा मार्ग कळतो, कानाला भाषा बसते, मग चार मित्रांत खोली घ्यावी. सोळा वर्षांखालच्या मुलाला इंग्लंडमध्ये नात्याबाहेरच्या घरात 28 दिवस किंवा त्याहून जास्त ठेवायचं असेल तर तिथल्या स्थानिक प्रशासनाला कळवणं बंधनकारक आहे. एजंट हे सांगत नसेल तर तिथूनच परत फिरा.

काही एजंट साध्या होमस्टेलाच 'एक्स्चेंज प्रोग्राम' म्हणून विकतात. त्यांना तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं लेखी घ्या. त्या घराला दर महिन्याला काही रक्कम मिळते का? व्हिसा कोणत्या प्रकारचा? आणि लेकराला काही झालं तर रात्री दोन वाजता फोन उचलणारा माणूस त्याच गावात राहतो का, त्याचा नंबर कोणता?