अवकाशात हवा भरली तर? : पार्श्वभूमी

अवकाशात सगळीकडे श्वास घेण्याजोगी हवा असती तर काय झालं असतं, हा प्रश्न शाळकरी वाटतो. पण वर वारा आहे हे जाणत्यांनीही कित्येक शतकं गृहीत धरलं होतं. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडे गेलं की पाटण लागतं. तिथल्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या घराण्याची नोंद आहे. (त्यांचं गाव म्हणजे आपलं बीडच, असं मानणारेही आहेत.) त्यांच्या ११५० सालच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’ या गणित-ज्योतिषाच्या ग्रंथात पृथ्वीची हवा १२ योजनांपर्यंत (योजन हे अंतराचं जुनं माप) सांगितली आहे, ढग, विजा त्यातच. त्यापुढे ‘प्रवह’ नावाचा वारा, ग्रहताऱ्यांना फिरवणारा. म्हणजे आपल्या हवेला शीव घातली, पण पलीकडचं रान मोकळं ठेवलं नाही.

युरोपातही निसर्गाला पोकळी खपत नाही, असंच शिकवत. १६४३ मध्ये इटलीतला शास्त्रज्ञ टॉरिचेल्ली याच्या पाऱ्याने भरून उलटी धरलेल्या नळीत पारा ७६ सेंटिमीटरवर थांबला आणि वर पोकळी उरली. १६४८ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कालच्या मेहुण्याने तशीच नळी डोंगरावर नेली, तर पारा आणखी खाली आला. पारा तोलून धरणारी हवा वर विरळ होत जाते, हे तिथे दिसलं.

आता हिशेब करा. जमिनीलगतची हवा घनमीटरला साधारण १.२ किलो भरते. पृथ्वी सेकंदाला ३० किलोमीटर धावते. अशा हवेतून धावायचं तर पंधरवड्यात तिला स्वतःच्या वस्तुमानाइतकी हवा रेटावी लागेल. वर्ष पुरं व्हायची गोष्टच सोडा. पण तेवढीही सवड मिळणार नाही. सूर्यापासून पृथ्वीपर्यंतचा गोल हवेने भरला, तर त्या हवेचं वस्तुमान आठ हजार सूर्यांहून जास्त होतं. ती स्वतःच्याच भाराने दिवसभरात आत कोसळेल. श्वास घ्यायला उरणार कोण?

मराठवाड्यात सध्या नेमका उलटा खटाटोप चाललाय. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींचा (अवकाशालाच किंचित ताणत-आक्रसत जाणाऱ्या लहरींचा) वेध घेणाऱ्या ‘लायगो-इंडिया’ला केंद्राने २०२३ मध्ये २,६०० कोटींची मंजुरी दिली. तिथे प्रत्येकी ४ किलोमीटरच्या दोन नळ्यांतून लेझर धावणार. नळ्यांतली हवा इतकी उपसायची, की आतला दाब बाहेरच्या एक लाख कोटीव्या भागावर यावा. अमेरिकेतल्या तशाच नळ्या रिकाम्या करायला ४० दिवस लागले होते. एवढा आटापिटा अशासाठी, की त्या लहरींमुळे नळ्यांच्या लांबीत पडणारा, मोजायचा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही लहान असतो, आणि वाटेतल्या हवेच्या रेणूंनी प्रकाश विखुरला की तो हाती लागत नाही.